डॉ. द्वारकानाथ कोटणीस : स्वयंसेवी वैद्यकीय सेवा आणि तिच्या सन्मानाचा इतिहास

प्रस्तावना

समाजासाठी झटलेल्या वैद्यकाचा सन्मान कोण करतो, केव्हा करतो आणि त्याच्या कार्यातील नेमक्या कोणत्या भागाचा करतो, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासात फारसे विचारले जात नाहीत. चरित्रलेखनात सेवेचा तपशील येतो. सन्मानांची यादी शेवटच्या परिच्छेदात उरकली जाते. वास्तविक सन्मानालाही स्वतःचा इतिहास असतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०-१९४२) हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण होय. वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी चीनमधील एका खेड्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या ऐंशीहून अधिक वर्षांत त्यांच्यावर पुस्तक लिहिले गेले, चित्रपट निघाला, दोन देशांनी टपाल तिकिटे काढली, पुतळे उभे राहिले. या सन्मानांच्या तारखा आणि दोन्ही देशांच्या राजकीय संबंधांतील चढउतार शेजारी शेजारी मांडून पाहिले, तर डॉ. कोटणीसांच्या प्रत्यक्ष कार्यातील काही महत्त्वाचा भाग सन्मानाच्या ओघात मागे पडला असे दिसते. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

तापीच्या खोऱ्यातील दोन अधिवेशने

डॉ. कोटणीस सोलापूरचे, परंतु ज्या विचारप्रवाहाने त्यांना चीनपर्यंत नेले, त्याचा एक उगम खानदेशात आहे. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी आजच्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन म्हणून त्याचा उल्लेख नेहमी होतो. पूर्व खानदेशातील कार्यकर्त्यांनी घेतलेले कष्ट, शेतकऱ्यांची उपस्थिती, शेतीविषयक ठराव या गोष्टी जिल्ह्याच्या इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. त्या मानाने अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरूंच्या भाषणातील आंतरराष्ट्रीय भागाकडे दुर्लक्ष झाले. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलेले होते, अबिसिनिया इटलीने गिळला होता. भारताचा स्वातंत्र्यलढा हा फॅसिझम व साम्राज्यशाही यांविरुद्धच्या जागतिक लढ्यापासून वेगळा काढता येणार नाही, अशी नेहरूंची भूमिका होती. केळी-कापसाच्या मुलखातील शेतकऱ्यांपुढे स्पेनची चर्चा व्हावी, ही गोष्ट आज विलक्षण वाटते. मात्र याच वर्षी काँग्रेसने परराष्ट्र विभाग सुरू करून त्याची जबाबदारी डॉ. राममनोहर लोहिया यांच्याकडे सोपविली होती, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे आश्चर्य उरत नाही.

त्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी, ७ जुलै १९३७ रोजी, पेकिंगजवळील मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि जपानने चीनवर उघड आक्रमण केले. चीनच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती झू दे (जुन्या मराठी लेखनातील चू तेह) यांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये नेहरूंना पत्र पाठवून वैद्यकीय मदतीची विनंती केली. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा येथे सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले. तेथे चीनविषयी सहानुभूती व्यक्त करून जपानी मालावरील बहिष्काराचे आवाहन करण्यात आले. फैजपूर तापीच्या खोऱ्यातले, आणि हरिपुरा तर तापीच्या काठावरचेच. हा योगायोग असला तरी खानदेशातील वाचकाला तो सहज जाणवण्यासारखा आहे.

३० जून १९३८ रोजी बोस यांनी देशाला आवाहन केले. ७ ते ९ जुलै या दिवसांत चीनसाठी निधी गोळा करण्यात आला आणि सुमारे २२,००० रुपये जमले. परतंत्र देशातील जनतेने दुसऱ्या आक्रमणग्रस्त देशातील जखमींसाठी उभी केलेली ही रक्कम होती. सरकारचा तीत वाटा नव्हता. उलट पथकात निवड झालेल्या एका बंगाली डॉक्टरांना सरकारने पारपत्र नाकारले आणि त्यांच्या जागी डॉ. बिजयकुमार बसू यांना जावे लागले.

पाच डॉक्टर

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल होते. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी वैद्यकीय काम केले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत ज्येष्ठ होते. कलकत्त्याहून डॉ. बसू व डॉ. देबेश मुखर्जी आले आणि पाचवे डॉ. कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेल्या कोटणीसांचे वडील गिरणीत नोकरीला होते. घर मोठे, मिळकत बेताची. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून द्वारकानाथ डॉक्टर झाले आणि पुढील शिक्षणाच्या तयारीत असताना त्यांनी पथकासाठी नाव दिले. सर्वसाधारण मध्यमवर्गीय घरात थोरल्या मुलांच्या शिक्षणावर झालेला खर्च ही साऱ्या कुटुंबाची गुंतवणूक असते. अशा घरातील नवा डॉक्टर बिनपगारी कामासाठी युद्धभूमीवर निघतो, तेव्हा त्या सेवेची किंमत तो एकटा मोजत नाही. स्वयंसेवेचा गौरव करताना ही बाब सहसा सांगितली जात नाही.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने पथक मुंबईहून निघाले आणि १७ सप्टेंबरला कँटन येथे पोहोचले. तेथे सन यत्सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. महिनाभरातच कँटन व हँको ही दोन्ही शहरे जपानच्या हाती पडली; पथक मागे सरकत चुंगकिंगला गेले. तेथे पाचही जणांनी चिनी नावे घेतली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी चीनचा बोध करून देणारे ‘हुआ’ हे अक्षर होते. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले, आणि चीनमध्ये आजही ते याच नावाने ओळखले जातात. वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना याच मुक्कामात कळली. परत जाण्याची मोकळीक असूनही ते गेले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनान येथे दाखल झाले.

कामाची मूळ मुदत वर्षभराची होती. चोळकर व मुखर्जी १९३९ मध्येच परतले, अटल पुढच्या वर्षी प्रकृतीच्या कारणाने गेले. बसू व कोटणीस उत्तर चीनमधील शान्शी-चाहार-हेबेई या सीमाभागात, म्हणजे जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या डोंगराळ मुलखात पोहोचले. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी तेथेच काम केले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला होता. पुढे बसू येनानला परतले आणि कोटणीस मागे राहिले.

तांग परगण्यातील काम

१९४० च्या उत्तरार्धात आठव्या मार्गसेनेने ‘शंभर पलटणींची मोहीम’ म्हणून ओळखली जाणारी मोठी चढाई केली. या काळात कोटणीसांनी सलग बहात्तर तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या, असे बहुतेक वृत्तांतांत आढळते. आठशे हा आकडाही त्यांच्या संदर्भात वारंवार येतो. कोठे तो एका लढाईत उपचार केलेल्या जखमींचा म्हणून दिला जातो, तर कोठे त्यांच्या एकूण शस्त्रक्रियांचा म्हणून. गौरवपर लेखनात आकडे असे एका संदर्भातून दुसऱ्या संदर्भात सरकतात. परंतु त्यांच्या कामाचे मोल या आकड्यावर अवलंबून नाही.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ‘रुग्णालय’ या शब्दाने आज जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, ते येथे बाजूला ठेवले पाहिजे. खेड्यातील घरांतून रुग्णांची सोय होती, आणि शत्रूची मोहीम आली की रुग्ण, औषधे, हत्यारे सारे उचलून दुसऱ्या गावी न्यावे लागे. औषधांची नाकेबंदी होती. रुग्णालयाला जोडून बेथ्यून यांच्या नावाची वैद्यकीय शाळा होती आणि तेथे कोटणीस शल्यचिकित्सा शिकवीत. विद्यार्थी बहुतांशी खेड्यांतून आलेले तरुण होते. त्यांना परकी भाषेतून शिकविणे अशक्य होते. म्हणून कोटणीस चिनी भाषा बोलायला, वाचायला शिकले, आणि त्याच भाषेतून शिकवू लागले. पाठ्यपुस्तके नव्हती, तीही लिहायला घेतली. शल्यचिकित्सेच्या सामान्य तत्त्वांवरचा भाग पूर्ण झाला, विशेष भागाचे लेखन अर्ध्यावर आले होते.

या कामाचे महत्त्व वेगळे सांगितले पाहिजे. एका शल्यविशारदाने केलेल्या शस्त्रक्रिया त्याच्या मृत्यूबरोबर थांबतात. त्याने स्थानिक भाषेत तयार केलेले मदतनीस व डॉक्टर पुढे काम करीत राहतात. मुंबईत इंग्रजीतून शिकलेल्या मराठी डॉक्टराने तीन-चार वर्षांत परक्या भाषेत वैद्यकशास्त्र शिकवावे आणि लिहावे, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा भाग आहे. ज्या प्रदेशात आजही सातपुड्यातील पाड्यावर जाणाऱ्या डॉक्टराला भिली किंवा पावरी बोलीत रुग्णाशी बोलता येत नाही, त्या प्रदेशाला हा भाग विशेष जवळचा वाटावा.

नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी शाळेतील परिचर्या-शिक्षिका गुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव सेनापती न्ये रोंगझेन यांनी ‘यिनहुआ’ असे ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. अपस्माराचे झटके त्यांना पूर्वीपासून येत होते. विश्रांतीसाठी अन्यत्र जाण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी तांग परगण्यातील गेगोंग या गावी त्यांचे निधन झाले.

पहिले सन्मान : शोकसंदेश, पुस्तक, चित्रपट

माओ त्से तुंग यांनी शोकसंदेशात म्हटले की, सेनेने आपला मदतीचा हात गमावला आणि राष्ट्राने एक मित्र. सुंग चिंगलिंग यांच्या पत्रातील विचार मात्र अधिक दूरवर जाणारा होता. कोटणीसांची स्मृती ही दोनच देशांची नाही, आणि वर्तमानकाळापेक्षा भविष्यकाळ त्यांचा अधिक सन्मान करील, कारण ते भविष्यासाठीच लढले, असा त्याचा आशय होता. पुढील इतिहासाने हे भाकीत अंशतः खरे केले.

भारतात त्यांची कथा पोहोचली ती १९४३ मध्ये परतलेल्या डॉ. बसूंमुळे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. पाच गेले आणि एक परत आला नाही, हे त्याच्या नावातच सूचित होते. त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी व चिंगलानची भूमिका जयश्री यांनी केली. संगीत वसंत देसाई यांचे होते. महाराष्ट्रातील सामान्य माणसाला कोटणीस माहीत झाले ते या चित्रपटाने, याबद्दल शंका नाही.

परंतु चित्रपटाने काय सांगितले हेही पाहिले पाहिजे. प्लेगची साथ आणि तिच्यावर उपाय शोधणारा डॉक्टर हा कथेचा मुख्य आधार आहे. प्रत्यक्षात कोटणीसांचा मृत्यू अपस्माराने झाला आणि त्यांचे मुख्य काम जखमींवरील शस्त्रक्रिया व अध्यापन हे होते. १८९६ पासून प्लेगने होरपळलेल्या मुंबई इलाख्यातील प्रेक्षकाला प्लेगशी झुंजणारा डॉक्टर ताबडतोब समजत होता. वर्गात फळ्यापुढे उभा राहून चिनी भाषेत शरीररचना समजावणारा डॉक्टर पडद्यावर तितका उठून दिसला नसता. शांतारामांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र कोटणीस म्हणजे साथीशी लढलेला हुतात्मा, ही प्रतिमा तेव्हापासून रुजली आणि शिक्षक कोटणीस मागे पडले.

राजकारणाच्या छायेतील सन्मान

१९५३ मध्ये कोटणीसांच्या अस्थी हेबेई प्रांतातील शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मारक उद्यानात हलविण्यात आल्या. तेथे बेथ्यून यांचीही समाधी आहे. मैत्रीच्या त्या दशकात दोन्ही देशांत कोटणीसांचे नाव सहजपणे घेतले जात होते. १९६२ च्या युद्धाने ते चित्र पालटले. कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य होऊन चीनमध्ये मरण पावलेल्या भारतीयाचा गौरव करणे येथे अवघड होऊन बसले. कुटुंबावरही आघात झाला: यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला.

यानंतरच्या तारखा बोलक्या आहेत. भारत व चीन यांनी एकमेकांकडे पुन्हा राजदूत पाठविले ते १९७६ मध्ये. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिजियाझुआंग येथे कोटणीसांचे स्मारक दालन उघडले. १९८१ मध्ये सीमाप्रश्नावर बोलणी सुरू झाली. १९८२ मध्ये, चाळिसाव्या स्मृतिवर्षी, चीनने टपाल तिकिटे काढली. सप्टेंबर १९९३ मध्ये प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्याचा करार झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला भारताच्या टपाल खात्याने कोटणीसांचे तिकीट प्रसिद्ध केले. स्मृतिदिनाची निवड स्वाभाविक होती, परंतु वर्षाची निवड केवळ योगायोगाची मानता येत नाही. पुढे चिनी नेत्यांच्या भारतभेटीत कोटणीस कुटुंबीयांना भेटण्याचा प्रघात पडला. हू जिंताओ २००६ मध्ये, ली केचियांग २०१३ मध्ये आणि शी जिनपिंग २०१४ मध्ये त्यांच्या भगिनी मनोरमा यांना भेटले. वृद्ध बहिणीच्या हातात फुले देणारा राष्ट्रप्रमुख हे दृश्य दोन्ही बाजूंना सोयीचे होते. त्यात खोटेपणा होता असे नव्हे. पण २०१३ च्या भेटीपूर्वी काही आठवडेच लडाखमध्ये दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी होती, हे विसरता येत नाही.

तरीही सर्व सन्मानांचा उलगडा राजनीतीने होत नाही. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात रक्त सांडले. त्याच वर्षी शिजियाझुआंग येथील, कोटणीसांचे नाव धारण करणाऱ्या वैद्यकीय शाळेत त्यांचा ब्राँझचा पुतळा बसविण्यात आला. शाळेतील नवे विद्यार्थी त्यांच्या स्मृतीला साक्षी ठेवून सेवेची शपथ घेतात. ही शाळा १९९२ पासून चालू आहे. शिक्षक म्हणून कोटणीसांची आठवण खऱ्या अर्थाने कोठे टिकली असेल, तर ती येथे. दिल्ली-पेकिंग संबंधांचा पारा चढला-उतरला तरी शाळेचे वर्ग भरत राहिले.

सोलापुरात भय्या चौकाजवळील त्यांच्या घराचे स्मारक महानगरपालिकेने २०१२ मध्ये खुले केले. निधनानंतर सत्तर वर्षांनी जन्मगावाने केलेला हा सन्मान उशिराचा होता. त्याच वर्षी जूनमध्ये गुओ चिंगलान यांचे चीनमध्ये निधन झाले.

उरलेले चौघे

एका व्यक्तीवर प्रकाशझोत पडला की तिच्या शेजारचे अंधारात जातात. पाच डॉक्टरांपैकी जो परत आला नाही, त्याची कथा सांगितली गेली. जे परतले त्यांच्या सेवेचे मोल कमी होते काय? बसूंनी पाच वर्षांच्या आसपास चीनमध्ये काढली. पुढे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा तेथे गेले, सुईटोचणी उपचार शिकले आणि ती पद्धती त्यांनी भारतात आणली. कोटणीस स्मारक समितीचे काम उभे करून त्यांनी स्वस्त उपचारांचे दवाखाने सुरू करण्यास प्रेरणा दिली. लुधियाना येथे कोटणीसांच्या नावाने चालणारे सुईटोचणी रुग्णालय याच परंपरेतील आहे. मित्राचा सन्मान त्यांनी दवाखान्याच्या रूपाने केला. स्वतः बसूंचे नाव मात्र महाराष्ट्रात क्वचितच ऐकू येते.

डॉ. चोळकरांविषयी तर मराठीतही फार थोडे लिहिले गेले. नागपुरातील स्थिरावलेला व्यवसाय सोडून, पथकातील सर्वांपेक्षा अधिक वयाचा हा डॉक्टर कँटनच्या बोटीत चढला, बाँबवर्षावाखालील शहरांतून मागे सरकत येनानपर्यंत गेला आणि ठरलेली मुदत पूर्ण करून घरी आला. त्यांच्याही चिनी नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर होते. कोटणीसांच्या तिकिटावर, पडद्यावर किंवा पुतळ्याच्या चौथऱ्यावर त्यांच्यासाठी जागा असण्याचे कारण नव्हते. पण विदर्भ-खानदेशातील वैद्यकीय इतिहासाच्या लेखनात ती असायला हरकत नव्हती.